आपली ती स्वारी, त्यांचं ते आक्रमण

(वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त उपसंपादकाची उत्तरं)

प्रश्न : नववीच्या वर्गात मी रोज एक बातमी वाचून घेते. मुलं विचारतात, युक्रेनमध्ये एक म्हणतो युद्ध, दुसरा म्हणतो लष्करी कारवाई. गाझाच्या बातमीत एका बाजूचे ओलीस, दुसऱ्या बाजूचे कैदी. खरं कोणाचं? मी काय सांगू?
– एक शिक्षिका, जयसिंगपूर

उत्तर : ताई, युक्रेन आणि गाझा लांब आहेत आणि त्यांच्याबद्दलची मतं मुलांनी मोबाइलवर आधीच ठरवलेली असतात. सुरुवात वळिवड्यापासून करा. कोल्हापूरच्या गाडीत बसलं की रुकडीच्या पुढचं स्टेशन. तिथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे ५,००० माणसांची छावणी होती, त्यांतही बायका-मुलंच जास्त. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी कुटुंबं आली, त्याचं गांधीनगर झालं आणि आता आपण तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

ही माणसं इथवर कशी आली ते सांगताना नुसत्या शब्दांवर लक्ष ठेवा. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. पोलंडच्या लेखी ते आक्रमण, मॉस्कोच्या लेखी 'मुक्तीची मोहीम'. १९४० मध्ये तिथली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून मालगाड्यांत घातली आणि सैबेरिया, कझाकस्तानकडे धाडली. कागदोपत्री त्यांतल्या पुष्कळांना नाव मिळालं 'विशेष वसाहतकरी', म्हणजे जणू हौसेनं नवी जमीन कसायला निघालेत. जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला, स्टालिनला पोलंडच्या मदतीची गरज पडली आणि ऑगस्टमध्ये या लोकांना 'माफी' जाहीर झाली; त्यातून सुटलेल्यांपैकी काही जण पुढे वळिवड्याला पोचले. इथे थांबा आणि वर्गाला विचारा : माफी दिली, तर गुन्हा कोणता होता? नववीतलं पोर बरोबर उत्तर देईल. शब्द कानाला किती गोड, पण त्यानं उचलून नेणारा मोठ्या मनाचा ठरला आणि ज्याला नेलं तो गुन्हेगार. शिव्या देऊन हे साधलं नसतं.

मग युक्रेनकडे या. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं 'विशेष लष्करी कारवाई' पुकारली. 'युद्ध', 'आक्रमण' हे शब्द वापरू नका, अशी तंबी तिथल्या माध्यमांना मिळाली. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात कायदा आला : सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. एका शब्दाची एवढी धास्ती कशाला? युद्ध म्हटलं की लोक विचारतात, संपणार कधी आणि आपली पोरं गेली किती. कारवाई म्हटलं की ते सरकारचं काम, आपण आपल्या कामाला लागावं.

वर्ग हसला तर लगेच मराठवाडा काढा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानात शिरलं ते भारतीय लष्कर. रणगाडे होते, विमानं होती, नेतृत्वाला मेजर जनरल चौधरी होते. तरी परभणी-नांदेडकडची जुनी माणसं अजून 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात. निजामानं प्रकरण सुरक्षा परिषदेपर्यंत नेलं होतं. हा आमच्या घरातला मामला आहे, असं दिल्लीला जगाला दाखवायचं होतं. घरातल्या मामल्याला पोलीस पुरतात. रझाकारांचा जाच खरा होता आणि निजामी गेली ते उत्तम झालं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्याच दिवसांत मुसलमान वस्त्यांमध्ये कत्तली झाल्या, त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल समितीनं केली आणि तो अहवाल कित्येक दशकं दडपून राहिला. 'पोलीस' आणि 'मुक्ती' या दोन्ही शब्दांत त्या मेलेल्यांना जागा नाही.

ओलीस आणि कैदी यांचं उत्तर मात्र सोपं आहे, कारण मराठीत शब्द तयार आहेत. सौदा करण्यासाठी घरातून ओढून नेलेला तो ओलीस. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं नेलेले नागरिक ओलीसच होते. खटला चालून शिक्षा झालेला तो कैदी. आरोपपत्रच नाही, खटलाही नाही, तरी कोठडीत आहे, तो स्थानबद्ध; इस्रायलच्या तुरुंगांत असे पॅलेस्टिनी बरेच आहेत. अदलाबदलीच्या बातमीत शिक्षा झालेले आणि हे स्थानबद्ध एकाच 'कैदी' शब्दात कोंबले जातात. माणूस कुठल्या बाजूचा हे न बघता त्याच्यावर काय गुदरलं ते बघितलं, तर शब्द आपोआप सापडतो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. रात्रपाळीला टेलिप्रिंटरवरच्या तारा मराठीत करायच्या आणि एका कॉलमात मथळा बसवायचा. 'मृत्युमुखी' बसत नाही. 'ठार' ही दोन अक्षरं कुठेही बसतात, म्हणून तो शब्द एवढा माजला. पण आपला जवान असला की कशीही जागा काढून 'वीरमरण' बसवायचं. समोरचा असला की 'खात्मा', 'कंठस्नान'. कुणाच्याच बाजूचा नसलेला गावकरी 'बळी', तोही आकड्यात. आणि क्रियापद बघा. 'इमारत कोसळून अनेक ठार' असं वाचलं की वाटतं बांधकाम कच्चं होतं. बॉम्ब टाकणारं विमान वाक्यातून पसार! तुम्ही मराठी शिकवता ना? मग वर्गात एवढंच करून घ्या : प्रत्येक मथळ्यातला कर्ता शोधा. नंतर दोन्ही देशांची नावं अदलाबदल करून तोच मथळा पुन्हा वाचा. वाचताना जीभ अडखळली तर तिथे खूण करा.

याचा अर्थ दोघांना सारखंच तोलायचं असा नाही. चाल करून जाणारा आणि घर राखणारा दोघांच्याही बातमीवर 'संघर्ष' असं मोघम लिहून मोकळं व्हायचं, ही समतोलाच्या नावाखालची पळवाट आहे. तिचा मला जास्त राग येतो.

प्रश्न : 'सुरतेची लूट' हा शब्द महाराजांच्या बदनामीसाठी वापरतात. 'सुरत मोहीम'च म्हणायला हवं ना?
– महाविद्यालयीन वाचक, राजारामपुरी

उत्तर : म्हण की भावा, कोण अडवतंय. शत्रूची पेठ लुटणं हा त्या काळच्या लढाईचा उघड भाग होता, मोगलही तेच करत. त्यात लपवण्याजोगं काही नाही. पण मग बंगालचंही ठरवून टाक. नागपूरकर भोसल्यांची घोडदळं १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं तिकडे जात होती, १७५१ ला बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी तह झाला तेव्हा थांबली. आपल्या लेखी ती स्वारी आणि चौथाई. तिकडे अजूनही अंगाईगीतात पोरांना 'बर्गी'ची भीती घालतात. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. त्या आईचा शब्दही इतिहासातच मोडतो, तो आपल्याला खोडता येणार नाही.

उलटाही दाखला आहे. मोगलांनी मराठ्यांना 'गनीम' म्हणून हिणवलं. आपण 'गनिमी कावा' अभिमानानं मिरवतो.

आणि खरंच शब्द बदलायचा असेल तर घराजवळचा बदल. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीचे शिपाई उठले, इंग्रजांनी त्याला बंड म्हटलं. पुढे १८५७ ला 'स्वातंत्र्यसमर' अशी बढती मिळाली. पण १८४४ मध्ये सामानगड, पन्हाळ्याचे गडकरी आपल्या जमिनी आणि हक्क जातात म्हणून कंपनीच्या फौजेशी लढले, ते आपल्याच कितीतरी पुस्तकांत अजून 'गडकऱ्यांचं बंड'. त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही.

प्रश्न : मी शांतिसेनेतून श्रीलंकेला जाऊन आलो आहे. गावात स्मृतिफलक होतोय. त्यावर 'शहीद' लिहायचं की 'हुतात्मा' यावरून दोन गट पडलेत. आपलं मत?
– माजी सुभेदार, सैनिक टाकळी

उत्तर : सुभेदारसाहेब, लष्कराच्या दफ्तरात या दोन्हींपैकी एकही शब्द नाही, तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' लिहितात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. एक शब्द अरबी वळणाचा आणि दुसरा संस्कृत, भांडण तेवढ्यावरून असेल तर त्यात सैनिक कुठेच नाही. तुमचा स्वतःचा अनुभव मला जास्त मोलाचा वाटतो. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत आपले हजाराहून अधिक जवान गेले, पण सेनेचं नाव 'शांतिसेना', त्यामुळे ते युद्धात पडले असं स्पष्ट म्हणायला लोक कचरतात.

कारगिलला पाकिस्ताननं याहून वाईट केलं. डोंगरावर बसलेले 'मुजाहिदीन' आहेत, आमची फौज नाही, असं १९९९ मध्ये ते जगाला सांगत राहिले. मग स्वतःच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीच्या जवानांची प्रेतं आपली कशी म्हणणार? कित्येकांचं दफन आपल्या सैन्यानं त्यांच्या धर्माप्रमाणे केलं. टायगर हिलवर लढलेल्या पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खानच्या (कर्नल हे त्याचं नाव) खिशात त्याच्या शौर्याची चिठ्ठी ठेवली ती आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी. पुढे पाकिस्ताननं त्याला निशान-ए-हैदर हा तिथला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला.

फलकावर माझ्या मते 'वीरमरण' लिहा, दोन्ही गटांना चालेल. त्याखाली प्रत्येकाचं नाव, हुद्दा, पलटण, तारीख आणि ठिकाण घाला. जाफना असेल तर जाफनाच लिहा, 'परदेशी कर्तव्य बजावताना' असलं काही नको.