मराठी मेसेजमधून भावना ओळखायच्या आहेत, कोणतं मॉडेल घेऊ?

ग्राहकांचे चार-पाच हजार मराठी मेसेज हाताशी आहेत आणि त्यातला राग, आनंद वगैरे ओळखायचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. मॉडेल म्हणाल तर पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाचं महाबर्ट घ्या, म्हणजे गूगलच्या बर्ट या भाषा-मॉडेलचा मराठी अवतार. खरी मेहनत त्याच्या आधी आहे.

लेबलं, म्हणजे मेसेजना द्यायची भावनांची नावं, मोजकी ठेवा. गूगलच्या गोइमोशन्स या डेटासंचामध्ये (२०२०) ५८ हजार रेडिट कमेंट आणि २७ भावना होत्या, तरी बर्टचा सरासरी एफ-वन (चुका आणि सुटलेली उदाहरणं दोन्ही धरणारा गुण, १ म्हणजे अचूक) ०.४६ च आला. कृतज्ञता ०.८६, कारण आभाराचे शब्द ठरलेले असतात. शोक मात्र शून्य, कारण उदाहरणंच नगण्य. तुम्ही राग, दुःख, आनंद, भीती आणि 'यातलं काही नाही' एवढ्यावर थांबा.

प्रत्येक मेसेज तिघांनी, एकमेकांचं न बघता तपासावा. 'वा, काय सर्व्हिस आहे! तीन दिवस झाले, साधा फोन नाही.' यातलं पहिलं वाक्य सुटं काढलं तर आनंद, अख्खा मेसेज वाचला तर राग. म्हणून मेसेज तोडू नका. पहिल्या दोनशे मेसेजवर तिघांचा 'कप्पा' (योगायोग वगळून उत्तरं किती जुळतात त्याचं माप) काढा, ०.५ च्या खाली असेल तर माणसं बदलू नका, सूचना नव्याने लिहा. 'पैसे आले एकदाचे, पण किती फेऱ्या मारायला लावल्या' यात दोन भावना आहेत, तेव्हा लेबलांना एकमेकांशी स्पर्धा करायला लावणारं सॉफ्टमॅक्स नको, प्रत्येक लेबलला ० ते १ मधला वेगळा गुण देणारं स्वतंत्र सिग्मॉइड द्या.

सगळ्यात जास्त घात होतो तो मजकूर साफ करताना. पायथनच्या 're' (मजकुरात शोधाशोध करणारं मॉड्यूल) मधलं '\w', म्हणजे 'कुठलंही अक्षर' ही खूण, मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही. विरामचिन्हं काढायला गेलात की 'चिडलो'चं 'चडल' होतं, 'दुःख'चं 'दख', आणि एरर काहीच येत नाही! टोकनायझरमध्ये (मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा भाग) 'स्ट्रिप ॲक्सेंट्स' बंद आहे ना, तेही बघा, तेही मात्रा उडवतं. स्टॉपवर्डच्या (बिनमहत्त्वाचे म्हणून गाळायचे शब्द) तयार यादीतून 'नाही', 'नको' आधी बाहेर काढा, नाहीतर 'आवडलं नाही'चं 'आवडलं' होऊन बसेल. रोमन लिपीतलं मराठी इंडिकएक्सलिट या लिप्यंतर करणाऱ्या मॉडेलने देवनागरीत आणा. इमोजी ठेवा, जोडलेले हात कधी आभार असतात, कधी 'पुरे करा आता'.

महाबर्टला तुमच्या मेसेजवर शिकवताना लर्निंग रेट (शिकण्याच्या पावलाचा आकार) २ई-५, म्हणजे ०.००००२, तीन-चार इपॉक (सगळ्या डेटावरून फेऱ्या), मेसेजमागे जास्तीत जास्त १२८ टोकन यावर सुरुवात करा. ॲक्युरसीवर (एकूण किती टक्के बरोबर) जाऊ नका: ७० टक्के मेसेज तटस्थ, म्हणजे 'यातलं काही नाही' असतील तर सगळ्यांना तटस्थ म्हणणारं मॉडेलही ७० टक्के बरोबर ठरतं. मॅक्रो एफ-वन (सगळ्या भावनांच्या एफ-वनची साधी सरासरी) बघा, आणि भावना 'आहे' म्हणायला गुण किती हवा याची ०.५ ची रेघ सरसकट लावू नका. प्रत्येक भावनेची रेघ व्हॅलिडेशन डेटावर (शिकवताना न वापरता बाजूला ठेवलेले मेसेज) वेगळी ठरवा. कमी उदाहरणं असलेल्या भीतीसाठी ती बहुधा बरीच खाली आणावी लागेल.