पैशाचा हिशेब : मुस्लीम विद्यार्थ्यांचे प्रश्न, शरियतप्रमाणे उत्तरं

लॅपटॉपची किंमत ४८,०००. ‘नो-कॉस्ट’ योजनेत ८,००० चे सहा हप्ते. दुकानदार म्हणतो, व्याज नाहीच. मग घ्यायला हरकत आहे का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रत्नागिरी

हरकत आहे. बिल नीट वाचा. वर्षाला १५ टक्के दर धरला, तर त्यावर साधारण २,०३२ रुपयांची ‘सूट’ दिसेल. उरलेल्या ४५,९६८ रुपयांचं कर्ज बँक तुमच्या नावावर टाकते आणि व्याजासकट ४८,००० वसूल करते. म्हणजे सूद, इस्लाममध्ये मना असलेलं व्याज, आहेच, त्याची रक्कम फक्त किमतीतून आधी वजा केली आहे. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे ३६६ रुपये, तुमच्याच खिशातून जातो. हप्ता चुकला की दंड वेगळा.

हप्त्याने घेणं मुळात नाजायज नाही. दुकानदार स्वतःचा माल स्वतःच उधारीवर देत असेल, तर रोखीला ४८,००० आणि सहा महिन्यांच्या उधारीला ५०,००० असा भाव चालतो. मात्र सौदा करतानाच दोन्हींपैकी एक किंमत पक्की करा. एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि ‘उशीर झाला तरी रक्कम वाढणार नाही’ हे कागदावर घ्या. मामा-चाचांकडून बिनव्याजी कर्जे-हसना घेतलं तरी लिहाच. घरातल्या घरात कसला कागद, असं म्हणून टाळतात आणि पुढे तिथेच बोलणं बंद होतं. कुरआनातल्या सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीची उधारी लिहून ठेवायला सांगितलं आहे.

अब्बा कुवेतहून वर्षाची फी एकदम पाठवतात. आजीने दिलेल्या पाटल्याही आहेत. जकात लागू होते का? – विद्यार्थिनी, म्हसळा

जकात म्हणजे शिल्लक मालमत्तेतून गरजूंसाठी काढायचा ठरलेला वाटा. म्हणून पैसे कोणाचे, ते आधी अब्बांना विचारा. फीपुरते तुमच्याकडे ठेवले असतील तर ती अमानत, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव, हिशेब त्यांचा. तुम्हाला देऊन टाकले असतील तर तुमचा.

कोकणात बहुतेक मुस्लीम घरं शाफई या धर्मशास्त्रीय परंपरेतली, म्हणून त्या मसलकाप्रमाणे सांगतो. सुमारे ५९५ ग्रॅम चांदीच्या आजच्या भावाइतकी रक्कम पूर्ण चांद्रवर्ष खात्यात राहिली, तर अडीच टक्के. मध्येच फी भरून शिल्लक त्याखाली गेली, तर वर्ष नव्याने मोजायचं. (हनफी या दुसऱ्या मसलकात वर्षाची सुरुवात आणि अखेर पाहतात, मैत्रिणीचा हिशेब वेगळा निघाला तर गोंधळू नका.) ३१ मार्चला हिशेब करण्याची सवय असेल, तर चांद्रवर्ष ११ दिवसांनी लहान असल्यामुळे २.५७७ टक्के धरा.

नेहमीच्या वापरातल्या पाटल्यांवर शाफई मतात जकात नाही. बचत म्हणून लॉकरमध्ये टाकल्या असतील तर आहे. तेव्हा सोन्याचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, सुमारे ८५ ग्रॅम.

बचत खात्यात जमा झालेल्या व्याजाचं काय करावं? – वाणिज्य शाखा, श्रीवर्धन

पासबुकातल्या व्याजाच्या नोंदी दर तिमाहीला वेगळ्या लिहा आणि तेवढी रक्कम सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता गरजूला द्या. ती जकातीत मात्र धरू नका.