एक मीटरची शर्यती नौका : पहिल्या महिन्यात एवढंच सांभाळा

भाऊ, जळगावात राहून आंतरराष्ट्रीय एक मीटर वर्गाची रिमोटवरची शिडाची नौका बांधताय, याचा फार आनंद झाला. नकाशे बघून गोंधळू नका. सुरुवातीला हे आकडे पुरेत: सांगाड्याची (नौकेच्या मुख्य अंगाची) लांबी जास्तीत जास्त १००० मिलिमीटर, पाण्याखालची खोली ४२० मिलिमीटरपर्यंत, एकूण वजन किमान ४ किलो. त्यातलं निम्म्याहून जास्त वजन नौकेच्या तळाखाली उभ्या असलेल्या पात्यात आणि त्याच्या टोकाच्या शिशाच्या गोळ्यात असतं.

म्हणून मेहरूण तलावावर उतरताना काठाशी निदान अर्धा मीटर पाणी बघा. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पातं गाळात रुततं. जलपर्णी सुकाणूत अडकली तर नौका वळतच नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- शीड ताणून घट्ट बांधतात. चपट्या शिडाला जोर नसतो. थोडा पोट असलेला बाक हवाच.
- थेट वाऱ्यात घुसवतात. वाऱ्यापासून सुमारे ४५ अंश बाजूला धरा, नागमोडी चढा.
- झाकणाला टेप लावायला विसरतात. आत पाणी गेलं की रिसीव्हर (रिमोटचा इशारा पकडणारा) आणि सर्वो (सुकाणू, शीड हलवणारी छोटी मोटर) दोन्ही जातात.
- आधी रिसीव्हर चालू करतात. क्रम उलटा हवा: आधी हातातला रिमोट, मग नौका. बंद करताना आधी नौका.

आणि मे महिन्यात नौका बंद गाडीत ठेवूच नका! आपल्या उन्हात इपॉक्सी (सांगाड्यातली घट्ट होणारी राळ) मऊ पडून सांगाडा वाकतो.

शिडाचे तीन संच असतात, पण सध्या सगळ्यात मोठा एकच घ्या आणि मंद वाऱ्याच्या सकाळी निघा. डोलकाठीच्या बाकाचं नंतर बघू.