दुसरं बाळ आल्यावर मोठ्या मुलाला दिवाळीच्या सुट्टीत आजोळी पाठवावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेचार वर्षांचा आहे आणि मुलगी पोळ्याच्या आसपास झाली. बाळंतपणात मुलाला अमरावतीला आजोळी ठेवलं होतं, त्यामुळे त्याचा तान्हा पोळाही, म्हणजे लाकडी नंदी घेऊन फिरायचा मुलांचा सण, हुकला. परत आल्यापासून तो रात्री अंथरूण ओलं करतो आणि बाळाला "दवाखान्यात परत देऊन या" म्हणतो. आता पाहुणे, फराळ, सुट्ट्या सगळं एकदम येणार, म्हणून सासूबाई सुचवताहेत की सुट्टीभर त्याला पुन्हा अमरावतीला पाठवा.

पाठवू नका. भाऊबीज होईपर्यंत तरी नकोच.

मी इथे नागपुरात प्रतापनगरला बरीच वर्षं बालवाडी चालवली, त्यामुळे अशी लेकरं खूप जवळून पाहिली आहेत. त्याच्या बाजूने जरा विचार करून पाहा. तो अमरावतीला गेला तेव्हा घरातलं एकुलतं एक लेकरू होता. परतला तेव्हा आईच्या कुशीत दुसरंच कुणी होतं. या वयाच्या मुलाला तारखा कळत नाहीत, मोठ्यांच्या अडचणी कळत नाहीत, पण कशानंतर काय झालं हे त्याच्या पक्कं लक्षात राहतं. आता पुन्हा त्याची बॅग भरली, तीही ऐन सणाला, तर तो त्यातून एकच अर्थ काढेल. आजी-आजोबा कितीही लाड करोत, तो अर्थ लवकर पुसला जात नाही.

अंथरुणाचं आधी सांगते, कारण तुम्ही त्यानेच जास्त धास्तावलेल्या दिसता. धाकटं आल्यावर मोठ्याने पुन्हा लहान होणं, म्हणजे अंथरूण ओलं करणं, बोबडं बोलणं, बाटली मागणं, हे अगदी नेहमीचं आहे. चादर बदला, कपडे बदला आणि त्यावर काही बोलू नका. पाहुण्यांसमोर तर विषयच काढू नका. झोपायच्या आधी लघवीला नेऊन आणा. बहुतेक मुलांचं हे हळूहळू आपोआप थांबतं. लघवीला जळजळ होत असेल, ताप असेल, खूप तहान लागून सारखी लघवी होत असेल, किंवा आठवड्यांमागून आठवडे गेले तरी थांबत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि "परत देऊन या" म्हणाला तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. "तुला एकट्याला आईजवळ बसायचंय ना? ये" एवढं म्हणा आणि खरंच जवळ घ्या.

आता सणांकडे वळते. तुमच्या प्रश्नात दिवाळी आहे, पण तिच्या आधीची कोजागिरी नाही. तुमच्या मुलासाठी मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आश्विन पौर्णिमेला आपल्याकडे पहिल्या अपत्याची आश्विनी करतात. मुलगा असो की मुलगी, जे आधी जन्माला आलं त्याला न्हाऊमाखू घालून, नवे कपडे घालून, पाटावर बसवून ओवाळायचं. बाकीचे सण सगळ्यांचे असतात. आश्विनी फक्त थोरल्याची असते, धाकट्याला ती मिळत नाही. बऱ्याच घरांत आता कोजागिरी म्हणजे गच्चीवरचं आटीव दूध एवढंच उरलंय आणि आश्विनी मागे पडलीय. या वर्षी तुम्ही ती थाटात करा. पाटाभोवती रांगोळी काढा. ओवाळताना बाळ सासूबाईंकडे असू द्या, तुमचे दोन्ही हात त्या वेळी त्याच्यासाठी मोकळे हवेत. आणि आपण हे का करतो ते त्याला सांगा: "तू पहिला आलास. तुझ्यामुळे मी आई झाले." हे अगदी खरं आहे, आणि त्याच्या बहिणीला असं कुणी कधीच म्हणू शकणार नाही. त्या रात्री दुधाचा पहिला पेलाही त्याचाच. मुली ज्यांची गाणी म्हणतात त्या भुलाबाई शेजारी कुठे बसवल्या असतील तर त्याला जरूर न्या. डबा हलवून आतला खाऊ ओळखायच्या खेळात या वयाची पोरं अगदी रंगून जातात.

पोळा ते कोजागिरी दीड महिना होतो, म्हणजे बाळ तेव्हा साधारण सहा आठवड्यांचं असेल. याच सुमाराला बाळं माणसाकडे बघून ओळखीचं हसू लागतात. हे त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो वाट बघेल. तान्ह्या बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे एक वीत किंवा थोडं जास्त. त्याला वीत मोजायला शिकवा आणि सांगा, "इतक्या अंतरावर तोंड आण आणि हळू बोल." तळव्याला बोट लावलं की बाळ मूठ घट्ट आवळतं, तेही दाखवा. बहिणीने आपलं बोट धरलं याचा मुलांना फार आनंद होतो. दोघांना खोलीत एकटं मात्र सोडू नका. त्याच्या मनात काही नसलं तरी त्याला अजून आपल्या हाताच्या जोराचा अंदाज नसतो. सहा आठवड्यांच्या लसी, म्हणजे पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटाव्हायरस वगैरे, याच दिवसांत येतात. सणाच्या गडबडीत त्या पुढे ढकलू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण तुमच्याही घरी होत असणार. रोज सकाळी आंघोळ घालणाऱ्या मावशी येतात. तेल कोमट होतं, पाणी तापतं, दुपटी काढली जातात, घरातलं प्रत्येक माणूस बाळाभोवती असतं. आणि थोरल्याला त्या तासाभरात "बाजूला हो", "पाणी गरम आहे", "आवाज करू नको" एवढंच ऐकू येतं. दिवसभराच्या चिडचिडीचं मूळ बऱ्याचदा या सकाळच्या तासात असतं. शाळा असते तेव्हा तो त्या वेळी घरात नसतो. सुट्टीत रोज समोर बसून हे बघणार. मावशींना विनंती करा की बाळाच्या आधी त्याच्या पाठीला आणि पायांना पाच मिनिटं तेल लावून द्या. त्या आनंदाने लावतील. मग बाळाचं आवरेपर्यंत पावडरचा डबा आणि टोपडं सांभाळायचं काम त्याचं. (धुरी देत असाल तर ती बंदच करा. एवढ्याशा फुप्फुसांना कोणताच धूर चांगला नाही, ओवा-शेपाचाही नाही.)

आणि नरक चतुर्दशीला पहाटे त्याचं अभ्यंग तुम्ही स्वतः करा. सुवासिक तेल, उटणं, ऊन पाणी, सगळं तुमच्या हातून. बाळंतपण होऊन दोन महिने होत आलेले असतील. अंगात जोर नसला तर खाली बसून करा, पाणी ओतायला त्याच्या बाबांना घ्या. त्याने इतके दिवस आईचे हात दुसऱ्याच्या अंगावर फिरताना पाहिले आहेत. त्या पहाटे ते त्याच्या अंगावर फिरू देत. दिवाळीतलं एकच काम तुमच्याने होणार असेल तर हे करा, फराळ विकत आणला तरी चालेल. चकल्या-अनारसे पुढच्या वर्षीही करता येतात.

पाहुण्यांचं थोडं कडक राहावं लागेल. येणारे झबली, टोपडी घेऊन येतात आणि दारातूनच "कुठे आहे बाळ?" विचारतात. त्यांना आधीच फोन करून सांगून ठेवा की आत आल्यावर पहिली हाक थोरल्याला मारा, आणि बाळाकडे त्याच्यासोबतच जा. हात धुवायला बेसिन दाखवायचं काम त्यालाच द्या. तो ते फार चोख करेल आणि बाळाचंही भलं होईल. सर्दी-खोकला असलेल्यांनी लांबूनच बघावं, बाळाचे पापे कुणीच घेऊ नयेत, मधाचं बोट कुणीही चाटवू नये. एक वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे न्या, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ असली तरी.

"तू आता मोठा झालास" हे वाक्य सगळे म्हणतील. तुम्ही म्हणू नका. मोठं होणं म्हणजे आईपासून लांब जाणं, असंच त्याला सध्या वाटतंय.

फटाक्यांवरून वाद होणारच. बाळ आतल्या खोलीत, खिडक्या लावून, हे ठीक. पण "बाळामुळे या वर्षी फटाके नाहीत" असं घरात कुणी म्हणायचं नाही. कुठल्याच गोष्टीला "बाळामुळे" हे कारण देऊ नका. बाबांबरोबर खाली अंगणात, सुती कपडे, पायात चप्पल-बूट, जवळ पाण्याची बादली, थोड्या फुलबाज्या आणि एखादं अनार. एवढ्याने त्याची दिवाळी होते. अंगणात जागा असेल तर किल्ला करू द्या. आपली काळी माती भिजवून थापायला छान असते, आणि दोन-तीन दिवस तो हात बरबटून खूश राहील. आई-बाबांनी किल्ला जास्त सुंदर करायच्या भानगडीत पडू नये.

बाबांनी त्याला एकट्याला बाहेर न्यावं. महाराजबागेत न्या, रमण विज्ञान केंद्रात न्या. माझी स्वतःची पसंती मेट्रोला आहे. सीताबर्डीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणाऱ्या गाडीत बसवा. वाटेत गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण. या वयाच्या मुलाला एवढं दाखवलं की आठवडाभर घरातले डबे एकमेकांवर चढत राहतात. येताना आंबिया बहाराची संत्री घेऊन या, त्याच्या हाताने तुमच्यासाठी. बाळंतिणीला संत्रं बाधतं असं कुणीतरी म्हणेलच. अंगावर पाजणाऱ्या आईने संत्रं खायला हरकत नसते, आणि लेकाने सोलून दिलेली फोड तर खावीच. पण बाहेर जाणं म्हणजे आईपासून दूर करण्याची युक्ती, असं त्याला वाटू नये. म्हणून परत आल्यावर अर्धा तास तुम्ही दोघंच, दार लोटून. काय खेळायचं ते त्याने ठरवायचं.

आता हुकलेल्या तान्ह्या पोळ्याबद्दल. हा सण म्हणजे नागपूरच्या पोरांचा जीव की प्राण. सगळ्या गल्लीची मुलं नंदी सजवून घरोघरी फिरली, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ, घेऊन आली, आणि हा तेव्हा अमरावतीला. तुम्हाला ते छोटं वाटलं असेल, त्याला ते छोटं नाही. त्याचा लाकडी नंदी माळ्यावर असेल तर खाली काढा. पाडव्याला आपल्याकडे गायगोधन असतं, गुरांना रंगवतात, सजवतात. त्या दिवशी त्यालाही नंदी रंगवू द्या, झूल घालू द्या. मग आजी-आजोबा, काका आणि शेजारच्या दोन-चार घरांना आधी सांगून ठेवून त्याला नंदी घेऊन फिरवा आणि त्याचा राहिलेला बोजारा मिळू द्या. सण मागेपुढे झाला म्हणून कुणी रागावणार नाही.

त्या पैशांतून दुसऱ्या दिवशीच्या भाऊबीजेची ओवाळणी घ्यायची का, हे त्याच्यावर सोडा. सुचवून बघा. "नाही" म्हणाला तर पैसे त्याचे आहेत. "हो" म्हणाला तर गोकुळपेठेत नेऊन त्याच्या पसंतीचा खुळखुळा घेऊ द्या. मोठा, सुटे भाग नसलेला, बाळाच्या तोंडात न मावणारा. भाऊबीजेला बाळाला मांडीवर घेऊन तिच्या बोटाला कुंकू लावा आणि ते बोट त्याच्या कपाळाला टेकवा. बोट लगेच पुसून घ्या, नाहीतर ते बाळाच्या तोंडात जाईल. निरांजनाचं तबक तिच्यापासून लांब, आजीच्या हातात असू द्या.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांना तुमची ओढाताण दिसतेय म्हणून त्या हा मार्ग सुचवताहेत. नुसतं "नाही पाठवणार" असं न म्हणता मदत मागा: रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी बाळाला तासभर तुम्ही घ्या, मला लेकाबरोबर बसू द्या. आजीला तान्ह्या नातीचा तो तास हवाच असतो.

भाऊबीजेला तुमचे भाऊ अमरावतीहून येत असतील आणि मामाबरोबर जायचा हट्ट त्याने स्वतः धरला, तर खुशाल जाऊ द्या. दोन रात्री पुरे. निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर परत यायच्या दिवशी त्याच्याच हाताने खूण करून घ्या, आणि त्या दिवशी न्यायला बाबांनी स्वतः जावं.