गाण्यामागची नावं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं गाणं परवा रात्री ओटा आवरून झाल्यावर हेडफोन लावून ऐकलं, काल सकाळी पुन्हा दोनदा ऐकलं. आवाज छान तयार होतोय तुझा. खर्जात आता दम टिकतो, ध्रुवपदावर परत येताना घाई होत नाही. शेवटच्या कडव्यात तू घेतलेली छोटी हरकत तुझी स्वतःची आहे आणि ती तिथे शोभते. पण तू विचारलंस, ‘मावशी, सोमवारी सगळीकडे टाकू का?’ तर नको टाकूस. का नको हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी ट्रॅकबद्दल, म्हणजे तुझ्या आवाजामागच्या तयार वाद्यसाथीबद्दल. तो कुठून आणलास हे विचारावं लागलं नाही. दुसऱ्या कडव्याआधीच्या म्युझिकमध्ये डग्गा फुगल्यासारखा वाजतो आणि तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, ‘ना’ बोथट झालाय. मूळ गाणं बाईच्या आवाजातलं, काळी चार पट्टीतलं. कुणाचा तरी कराओके उतरवून घेऊन तू तो सॉफ्टवेअरनं पाच सेमीटोन, म्हणजे पाच अर्धस्वर, खाली ओढलास, काळी दोनमध्ये आणलास. गळ्याची सोय झाली, पण तबला, बासरी, व्हायोलिन सगळंच सोबत खाली उतरलं. बासरी तर पाण्याखालून आल्यासारखी वाटते. तू मनापासून गायलायस आणि मागची साथ मेलेली आहे. ऐकणाऱ्याला कारण कळणार नाही, पण दुसऱ्या मिनिटाला तो पुढचं काहीतरी लावेल.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो ट्रॅक तुझा नाही. कुणीतरी वादक बसवून किंवा संगणकावर रात्री जागून तो केलाय. त्या ध्वनिमुद्रणाला त्याचा वेगळा मालक आहे. ‘नेटवर फुकट होता’ म्हणजे वापरायला मोकळा होता असं नाही. मी हे स्वतः भोगलंय. माझं पहिलं गाणं मी असंच उतरवलेल्या ट्रॅकवर केलं आणि एका वितरक कंपनीमार्फत सगळीकडे सोडलं. दीड महिन्यानं एका सकाळी मेल आला: तक्रार आली आहे, गाणं सगळीकडून काढलं आहे, जमा रक्कम रोखली आहे. रक्कम किरकोळ होती. पण माझे वडील रोज संध्याकाळी ते गाणं लावायचे, आणि त्या दिवशी त्यांनी फोन करून विचारलं, ‘अगं, तुझं गाणं दिसत नाही कुठे?’ काय सांगावं ते मला सुचेना.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली, ती तूही लाव. गाणं बसवायला घेण्याआधी एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहायच्या. शब्द कोणाचे, चाल कोणाची, मूळ ध्वनिमुद्रण कोणाचं. गायकाचं नाव सगळ्यांनाच माहीत असतं, ते शेवटी लिहायचं. आपण ‘लताबाईंचं गाणं’, ‘आशाबाईंचं गाणं’ असं सहज म्हणतो, पण तुला परवानगी लागणार आहे ती कवीची आणि संगीतकाराची, किंवा त्यांनी ज्यांना हक्क दिलेत त्यांची. मराठी गाण्यांसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ आहे. गीत, संगीत, स्वर अशी नावं तिथे व्यवस्थित सापडतात. त्या माणसांनी केवढं मोठं काम करून ठेवलंय! मात्र तिथल्यावरच थांबू नकोस, कवितासंग्रहही बघ. त्यामागचं कारण पुढे सांगते.

आता कायदा. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क ती रचणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. ही वर्षं मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून मोजतात. ध्वनिमुद्रणाची 60 वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. एवढं कळलं की आपल्या गाण्यांकडे बघायची नजरच बदलते.

गीतरामायणाचं घे. देवळात, सोसायटीच्या रामनवमीला, शाळेच्या गॅदरिंगला सगळीकडे गातात, म्हणून लोकांना ते स्तोत्रासारखं सगळ्यांचं वाटतं. पण 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. गदिमा 1977 साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत. बाबूजी, म्हणजे संगीतकार सुधीर फडके, 2002 साली गेले, म्हणजे चालींवरचा 2062 अखेरपर्यंत. अभंगांचंही तसंच. ‘ओंकार स्वरूपा’चे शब्द संत एकनाथांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण आपण गातो ती चाल श्रीधर फडक्यांची, आणि ती त्यांचीच आहे. ‘अभंग आहे, त्याला कसली परवानगी’ हे वाक्य मी चांगल्या जाणत्या गायकांच्या तोंडून ऐकलंय.

दुसऱ्या बाजूला बघ. ‘संगीत मानापमान’ 1911 चं. शब्द खाडिलकरांचे, ते 1948 साली गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते 1955 साली गेले. दोन्ही हक्क केव्हाच संपले. ‘स्वयंवर’ 1916 चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, बुवा 1922 साली गेले. ही पदं तू उद्या गा, सोड, विक, कुणी अडवणार नाही. मूळ चालीवर मात्र जा. नंतरच्या कुणी संगीतकारानं पद नव्यानं बांधलं असेल तर ती बांधणी त्याची. मला मनापासून वाटतं की तुझ्या वयाच्या मुलांनी या पदांकडे यावं. शंभर वर्षांपूर्वीची चाल, एक गिटार, एक तंबोरा आणि तुझ्यासारखा ताजा आवाज. रंगभूमीचा कोरस नको, ऑर्गन नको, बघ काय होतं ते. हे करणारे अजून फार थोडे आहेत.

भावगीतच करायचं असेल तर कायद्यात एक वाट आहे, कलम 31-सी, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित झालेलं गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित करायचा परवाना. ते 2012 च्या दुरुस्तीत आलं. त्याआधी नियम बराच सैल होता, आणि ऐंशीच्या दशकातल्या ‘व्हर्जन’ कॅसेटी, म्हणजे जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या, त्याच जोरावर निघाल्या. आता मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यापासून पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली असली पाहिजेत. आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि ती दर गाण्यामागे वर्षाला किमान 50,000 प्रतींची. एखाद्या भाषेचा खप लक्षात घेऊन ही मर्यादा कमी करता येईल अशी सोयही कलमात आहे. तरी सगळी रचना कॅसेट-सीडीच्या काळातली आहे, घरात बसून एक गाणं सोडणाऱ्या मुलाच्या मापाची नाही. शिवाय ते फक्त ध्वनिमुद्रणापुरतं, व्हिडिओ त्यात येत नाही. म्हणून मी तुला या वाटेनं जा म्हणणार नाही. पण त्या कलमातल्या दोन अटी मला फार शहाण्या वाटतात, त्या परवाना नसतानाही पाळ. पहिली, शब्दांत आणि चालीत मोडतोड करायची नाही. दुसरी, मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वेष्टनावर वापरून लोकांचा गोंधळ करायचा नाही. तू थंबनेलवर आशाबाईंचा फोटो लावलायस तो प्रेमानं लावलायस हे मला माहीत आहे. तरी काढ.

मग करायचं काय? पत्र लिहायचं. मूळ ध्वनिमुद्रण ज्या कंपनीचं आहे तिच्या परवाना विभागाला साधा, मुद्द्याचा मेल: मी अमुक, हे गाणं माझ्या आवाजात नव्या वाद्यमेळात करतोय, फक्त ऑडिओ की व्हिडिओही, कुठे सोडणार. सोबत तुझं कच्चं रेकॉर्डिंग. संगीतकार हयात असतील तर त्यांनाही कळव, कवीच्या घरच्यांनाही. कधी उत्तर येत नाही, कधी आकडा परवडत नाही. पण मला दोनदा होकार आलाय, आणि एकदा तर कवीच्या मुलीनं स्वतः फोन करून वडील ती कविता कशी म्हणायचे ते मला म्हणून दाखवलं. त्या दहा मिनिटांनी माझं गाणं बदललं. मी चौथ्या ओळीवर जोर देत होते. तिचे वडील ती ओळ जवळजवळ पुटपुटत म्हणायचे.

यूट्यूबवर लोक परवानगीशिवाय टाकतात आणि काही होत नाही, असं तू म्हणशील. होतं असं की चाल ओळखली जाते, क्लेम म्हणजे हक्काचा दावा येतो, व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. क्लेम म्हणजे स्ट्राइक, चॅनेलवर लागणारा ठपका, नव्हे; त्याला घाबरू नकोस आणि रागावून ‘हे माझं आहे’ अशी हरकतही नोंदवू नकोस, कारण चाल खरंच तुझी नाही. मात्र हक्कदाराला व्हिडिओ उतरवायलाही लावता येतो, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जाऊ शकतं. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी मामला वेगळा, तिथे वितरकाच्या फॉर्ममध्ये तू लिहून देतोस की हक्क माझ्याकडे आहेत. त्या फॉर्मवर कव्हरच्या, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात करण्याच्या, परवान्याची फी भरायची सोय दिसली तरी नीट वाच. अशा परवान्याच्या मागे बहुतेक वेळा अमेरिकेच्या कायद्यातलं कलम 115 असतं, आणि ते अमेरिकेपुरतंच.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. तुझी खोली फार बोलते. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभा राहा, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत माइकमध्ये येणार नाही. मागे दोरीवर आजीची गोधडी टाक. माइक तोंडापासून एक वीत, मध्ये पॉप फिल्टर. पंखा बंद, फ्रिजही तासभर बंद कर, आणि घरात सांगून ठेव की या वेळेत कुकर लावायचा नाही. पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेव, लाल दिवा लागू देऊ नकोस. शेवटी मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, फार कचकचीत करू नकोस. स्पॉटिफाय सगळं उणे 14 लफ्सच्या (लफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतं, उगाच दाबलेला आवाज तिथे फक्त चपटा वाटतो.

साथीला माणसं घे. तबला आणि संवादिनी एवढीच असली तरी पुरे. पैसे आधी ठरव, त्याच दिवशी दे, आणि ‘या गाण्यासाठी वाजवलं, मानधन मिळालं, सोडायला हरकत नाही’ एवढं मेसेजवर तरी लिहून घे. श्रेयनामावलीत त्यांची नावं पूर्ण लिही.

आता कवितासंग्रहाचं. एका भावगीतातला एक शब्द मी अकरा वर्षं चुकीचा गात होते. रेकॉर्डवर तो तसाच ऐकू यायचा, नेटवरही तसाच लिहिलेला. वाचनालयात जुना संग्रह हाती लागला तेव्हा कळलं की एका काना-मात्रेनं ओळीचा अर्थच फिरत होता. तू दुसऱ्या कडव्यात तेच करतोयस, पुस्तक काढून बघ. आणि ‘च’कडे लक्ष दे. ‘चंद्र’ म्हणताना जीभ टाळूला लागते, ‘चांदणं’ म्हणताना दातांच्या मुळाशी. तू दोन्ही एकाच ‘च’नं गातोस, बहुतेक हिंदी गाण्यांच्या सवयीनं. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, या दोन्हींतला ‘ज’ वेगळा. गाण्यात ही चूक बोलण्यापेक्षा जास्त खुपते, कारण सूर त्या अक्षरावर थांबतो. एक दिवस गाऊच नकोस, नुसती कविता मोठ्यानं वाच, शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळेल अशी.

सोडताना कलाकाराच्या जागी फक्त तुझं नाव. गीतकार आणि संगीतकार यांच्या जागा वेगळ्या असतात, तिथे त्यांची पूर्ण नावं, बरोबर शुद्धलेखनात. ‘पारंपरिक’ हा शब्द खात्री असल्याशिवाय लिहायचा नाही. त्या एका शब्दानं कितीतरी संगीतकारांची नावं पुसली गेली आहेत. तुझ्या ध्वनिमुद्रणाला स्वतःचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या ओळखीचा, क्रमांक मिळेल, मूळ गाण्याचा तिथे टाकायचा नाही.

तर सोमवार विसर. माझ्याकडे येणाऱ्या तबलजींशी मी बोलून ठेवलंय, ते गुरुवारी सकाळी अकरानंतर मोकळे आहेत. कंपनीला पाठवायच्या मेलचा मसुदा तू कर, मी बघून देते. तोवर सगळं बाजूला ठेवून नुसत्या तंबोऱ्यावर, काळी दोनमध्ये, तिन्ही कडवी गाऊन पाठव. फोनवर केलंस तरी चालेल. काळी दोनमध्ये अंतऱ्याचा वरचा षड्ज ओढून घ्यावा लागला तर काळी एकही गाऊन बघ, आणि कुठल्या पट्टीत ‘चांदणं’ नीट ऐकू येतं ते मला कळव.

तुझी,
मावशी