माणसाचा स्वभाव तो गेम कसा खेळतो यावरून कळतो का?

कळतो, पण थोडासाच. आणि तुम्ही जिथे बघताय तिथे तर जवळजवळ नाहीच. बीजीएमआय या मोबाइलवरच्या, शेवटपर्यंत जिवंत राहायच्या लढाईच्या गेममध्ये धाकटा भाऊ विमानातून थेट पोचिंकी या नकाशाच्या मधल्या, गर्दीच्या गावात उडी टाकतो, तुम्ही नकाशाच्या कडेच्या घरांमध्ये शांतपणे लूट गोळा करता. म्हणून तो उतावळा आणि तुम्ही भित्रे, असा घरात निकाल लागलाय आणि तो खरा का, हा तुमचा प्रश्न. उडी कुठे टाकायची, यात स्वभावापेक्षा हिशोब जास्त असतो.

रँकचे गुण शेवटपर्यंत टिकण्याचेही मिळतात आणि किलचे, म्हणजे दुसऱ्यांना मारण्याचेही. ज्याला रँक चढवायचाय तो कितीही तापट असो, थोड्याच दिवसांत कडेला उतरायला शिकतो. ज्याच्या जेवणाचं ताट वाढायला पंधरा मिनिटं आहेत तो पोचिंकीतच उतरणार, कारण एरँगलची (पोचिंकी ज्यात आहे त्या नकाशाची) पूर्ण मॅच अर्ध्या तासाच्या आसपास जाते आणि कडेला उतरलं तर त्यातला बराच वेळ दारं उघडण्यातच संपतो. फोन तापून चित्र अडखळत असेल (फ्रेम पडणं) किंवा नेटचा उशीर, म्हणजे पिंग, वरखाली होत असेल, तर समोरासमोर भिडणं म्हणजे हातानं हार पत्करणं. असा खेळाडू कॅम्पिंग करतो, म्हणजे एका जागी दबा धरून बसतो. त्याला भित्रा म्हणणं म्हणजे चिखलात पळणाऱ्याला आळशी म्हणण्यासारखं आहे.

म्हणून माझी पहिली चाळणी अशी: गेम ज्याचं बक्षीस देतो किंवा ज्याची शिक्षा करतो, ते वागणं बाजूला ठेवा. जे केल्यानं गुण वाढत नाहीत आणि न केल्यानं घटत नाहीत, तिथे स्वभावाला जागा मिळते.

या विषयात रिचर्ड बार्टल यांचं नाव आधी येतं. एमयूडी हा अनेकांनी मिळून खेळायचा, नुसत्या अक्षरांवर चालणारा गेम त्यांनी रॉय ट्रबशॉ यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात घडवला. त्याची सुरुवात १९७८ची. पुढे १९९६मध्ये बार्टल यांनी अशा गेममधल्या खेळाडूंची पत्त्यांच्या चार रंगांत विभागणी केली. चौकट म्हणजे गुण आणि पातळ्या जमवणारे. इस्पिक म्हणजे कानाकोपरा उकरून बघणारे (इंग्रजीत त्या रंगाला फावड्याचं नाव आहे, म्हणून). बदाम गप्पा आणि ओळखीपाळखीसाठी येणारे, आणि किलवर म्हणजे सोटा घेऊन दुसऱ्याला छळण्यात मजा मानणारे. लेखाचा खरा मुद्दा मात्र बहुतेक जण विसरतात. एका रंगाचे लोक वाढले की बाकीच्यांचं काय होतं, हे त्यांना सांगायचं होतं: किलवर वाढले की बदाम गेम सोडून जातात. नेटवर फिरणारी ‘बार्टल चाचणी’ त्यांनी बनवलेली नाही, इतरांनी बनवली. तिच्या प्रश्नांत दोनपैकी एक उत्तर निवडावंच लागतं, त्यामुळे दोन्ही आवडणाऱ्या माणसाचीही एका बाजूला ढकलाढकल होते. करमणूक म्हणून ठीक आहे.

स्वभाव मोजायचाच तर मानसशास्त्रातली पाच मापं बरी: बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं, काटेकोरपणा, नव्याची ओढ आणि भावनिक चढउतार. संशोधक निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या १०४० खेळाडूंची ही मापं घेतली आणि ती त्यांच्या चार महिन्यांच्या खेळाच्या नोंदींशी ताडून पाहिली. ते काम २०११मध्ये प्रसिद्ध झालं. बहिर्मुख लोक गटानं करायच्या मोहिमांत जास्त दिसले. जुळवून घेणारे पात्राकरवी मिठी मारणं, हात हलवणं असले हावभाव जास्त करत. कमी जुळवून घेणारे इतर खेळाडूंना मारण्यात जास्त रमत. नव्याची ओढ असलेले अनेक पात्रं काढत आणि भटकत. काटेकोर माणसांचा कल मला सगळ्यात पटतो: मासे पकडणं, स्वयंपाक, शोभेचे प्राणी जमवणं, म्हणजे चिकाटीची, फारशी झगमग नसलेली कामं.

पण हे संबंध बारीक आहेत. समजा दोन गोष्टींमधला सहसंबंध (० म्हणजे नातंच नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.२ निघाला, तर त्यातून माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम ४ टक्के भाग उलगडतो. हजार जणांच्या सरासरीत तो दिसतो, एका भावात शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. शिवाय वय मध्ये येतं. स्पर्धेची खुमखुमी वयाबरोबर उतरते, तेव्हा तुमच्या दोघांच्या वयात चार-पाच वर्षांचं अंतर असेल तर ‘स्वभावा’चा काही भाग तिथेच विरघळेल.

तरीही बघायचंच असेल, तर एकाच नकाशावरच्या, चार जणांच्या स्क्वॉडच्या वीसेक मॅच घ्या आणि वहीत एवढंच टिपा. स्वतः मेल्यावर तो लगेच बाहेर पडतो, की मागे राहून उरलेल्यांना शत्रू कुठे आहे ते सांगत बसतो? हातात जवळून मारायची शॉटगन असताना ८ एक्स स्कोप (लांबचं बघायची दुर्बीण, शॉटगनला निरुपयोगी) सापडला तर जोडीदाराला हाक मारतो, की बॅगेत कोंबतो? एम४१६ ही बंदूक बाळगूनही बॅगेत ७.६२च्या दीडशे गोळ्या पडून असतात का? (काटेकोरपणासाठी मला यापेक्षा सोपी खूण माहीत नाही. त्या बंदुकीला ५.५६च्या गोळ्या लागतात, म्हणजे ते नुसतं ओझं.) शेवटचं, हरल्यावर पुढची मॅच किती सेकंदांत लावतो, आणि त्या मॅचमध्ये उतरण्याची जागा बदलते का? हे जिंकल्यानंतरच्या मॅचशी ताडून बघा. एरवी सावध असलेला माणूस हरल्यावरच पोचिंकीत उडी घेत असेल, तर तो राग आहे, धाडस नव्हे.

नॉक झालेल्या, म्हणजे जखमी होऊन खाली पडलेल्या जोडीदाराला उठवायला जाणं मात्र मोजू नका. उठवताना सुमारे १० सेकंद दोघंही उघड्यावर असतात, तेव्हा न जाणं बऱ्याचदा शहाणपणाचं असतं आणि जाणं हा डावपेच. स्क्वॉडमध्ये रश कोण करणार, म्हणजे पुढे धावून कोण भिडणार, आणि मागून कव्हर कोण देणार हे ठरलेलं असेल, तर त्या मॅचही सोडून द्या. तिथे तो नेमून दिलेलं काम करतोय. मित्रांबरोबरच्या आणि अनोळखी लोकांबरोबरच्या मॅच वेगवेगळ्या पानांवर लिहा, कारण ओळखीच्यांना माणूस स्कोप देतोच.

मग त्याच माणसाला रँक नसलेल्या गेममध्ये बघा. माइनक्राफ्टचा सर्व्हायव्हल मोड चांगला. पेट्यांवर पाट्या लावून दगड वेगळे, धान्य वेगळं ठेवणारा बीजीएमआयमध्येही नको त्या गोळ्या टाकून देत असेल, तर ते मनावर घ्या. एकाच गेममध्ये दिसलेली सवय ही त्या गेमची असू शकते.

उलटी वाटही आहे, पात्र माणसाला वळवतं. यी आणि जेरेमी बेलन्सन यांच्या २००७च्या प्रयोगात आभासी जगात उंच देह मिळालेले लोक पैशांच्या वाटणीत जास्त ताठ राहिले, ठेंगणा देह मिळालेल्यांनी अन्यायाची वाटणी सहज मान्य केली. उंची चिठ्ठी टाकल्यासारखी ठरवलेली होती, स्वभावाशी तिचा काही संबंध नव्हता. तेव्हा टिपणं करताना भाऊ कोणत्या वेशात खेळतोय, हेही लिहून ठेवा.

भावाचा स्वभाव थेट मोजायचा असेल, तर त्या पाच मापांसाठी आयपीआयपी या स्वभावविषयक विधानांच्या खुल्या संग्रहातली २० विधानांची छोटी प्रश्नावली मोफत मिळते. ती त्याच्याकडून भरून घ्या, आणि त्याच्याबद्दलचीच एक प्रत आईकडूनही. दोन्ही कागद वीस मॅचची वही पूर्ण झाल्यावरच उघडा. आधी उघडलेत तर वहीत तेच दिसायला लागेल.