हाडांसाठी पालकावर विसंबू नकोस

बाळा, अनेक आशीर्वाद.

तालमीत जायला लागल्यापासून रोज पालक खातोस असं कळलं. खा, पण हाडांना कॅल्शियम मिळावं म्हणून खात असशील तर फसशील. पालकात कॅल्शियम भरपूर असतं, पण पालकातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं आणि जेमतेम 5 टक्के अंगी लागतं. कोबीच्या कुळातल्या भाज्यांत ऑक्झॅलेट कमी, त्यामुळे त्यांतलं निम्म्याच्या आसपास शोषलं जातं. नवलकोलही त्याच कुळातला, पण आपल्या बेळगावच्या बाजारात त्याचा गड्डा विकतात नि पाला जनावरांना जातो, याचं मला फार वाईट वाटतं. तो मागून घे. कोवळी पानं निवड, मधली जाड शीर काढ, बारीक चिर आणि लसूण-मिरचीच्या फोडणीत पाच-सात मिनिटं परत. मुळ्याचा पालाही असाच कर. चमचाभर तेल हवंच, कारण पालेभाजीतलं के जीवनसत्त्व तेलाबरोबरच नीट शोषलं जातं, आणि हाडातलं ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन त्याच्यामुळे कामाला लागतं. घरात कुणी वॉरफरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, गोळी घेत असेल, तर त्यांच्या ताटात मात्र पालेभाजी एकदम वाढवायची नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं.

पालक, बीट यांची खरी किंमत स्नायूंसाठी आहे. त्यांतल्या नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं, रक्तवाहिन्या सैल होतात, स्नायूंना रक्त पोचतं. या बदलाची सुरुवात तोंडातले जंतू करतात, म्हणून जंतुनाशक माउथवॉशनं रोज गुळण्या करू नकोस. पालक उकळून पाणी ओतून दिलंस तर ऑक्झॅलेटबरोबर नायट्रेटही जातं. मुतखडा झालेल्यांनी तसं करावं, तू नको.

तुला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नुसत्या भाजीनं ते भरत नाही. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण 350 मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत तिसरा हिस्सा झाला. वर वाटीभर दही घे. शेवग्याच्या पाल्यात 100 ग्रॅमला 300 च्या वर, पण जेवणात मूठभरच जातो, हे धरून हिशेब कर. कच्ची मेथी, कांदा, शेंगदाण्याचं कूट घालून पचडी कर. मीठ हात राखून, कारण जास्त मिठानं लघवीवाटे कॅल्शियम जातं.

भाजीनं स्नायू बनत नाहीत. त्याला प्रथिनं लागतात, वजनाच्या दर किलोला किमान 0.83 ग्रॅम, जोर-बैठका काढणाऱ्याला त्याहून जास्त. शिजलेल्या डाळीच्या वाटीत सहा-सात ग्रॅमच असतात, तेव्हा मटकी, अंडी, दूध यांतलं काहीतरी रोज ताटात येऊ दे.